हात आणि वही

ॲसिडबाईंना आपलं टोपणनाव ठाऊक होतं. शेवटच्या बाकावर कुणीतरी कर्कटकाच्या टोकाने ते कोरून ठेवलं होतं. बाईंनी ते वाचलं, वर्गाकडे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "निदान कुठलं ॲसिड ते तरी लिहायचं. सौम्य की तीव्र?" वर्ग हसला नाही. बाईंच्या तासाला हसायची परवानगी आहे की नाही, हे मुलांना कधीच नीट कळलं नव्हतं.

राग त्यांच्या नाकावर असे. फळा नीट पुसलेला नसला तरी त्या चिडायच्या आणि बस वेळेवर आली तरी, रोज का येत नाही म्हणून चिडायच्या. पण एक वाक्य ऐकलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ते वाक्य म्हणजे, "मला विज्ञान जमत नाही."

याचं कारण त्यांच्या घरात होतं. त्यांचे वडील बसगाड्या रंगवण्याच्या कारखान्यात कामाला होते. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलीने भौतिकशास्त्राचं पुस्तक पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा वडिलांनी रंगाने माखलेले हात मागे धरून लांबूनच विचारलं होतं, यात असतं काय? मुलगी म्हणाली, गाडी का थांबते, पाणी का उकळतं, असलं असतं. "मग सोपं आहे की," वडील म्हणाले, "रोजचंच आहे." विज्ञान अवघड असतं हे त्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. बाहेरच्या जगाने ते कानावर घालेपर्यंत मुलीच्या हातात पदवी आली होती. त्यामुळे विज्ञानाची भीती ही चीज काय असते ते बाईंना आतून कधी कळलं नाही. त्यांना ती आळसाची धाकटी बहीण वाटायची, आणि आळशी पोरांना करायचं काय हे त्यांना चांगलं माहीत होतं.

ज्या शाळेत त्या शिकवत होत्या तिथे विज्ञानाचे प्रमुख होते मोठे सर. पांढरे केस, इस्त्रीचा सदरा, आवाज कधी चढलेला नाही. पालक त्यांना देवमाणूस म्हणत आणि बाईंनाही त्यांच्याविषयी वाईट म्हणावं असं काही सापडत नसे, याचाच त्यांना राग यायचा.

प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला होती. काळ्या दगडी ओट्यांची चार टेबलं, गंजलेल्या नळांची बेसिनं, भिंतीला काचेची कपाटं. फार पूर्वी सामान तुटपुंजं होतं, तेव्हा मोठ्या सरांनी एक पद्धत घालून दिली होती. एका टेबलावर एकच मूल प्रयोग करणार, बाकीची आकडे लिहून घेणार. पुढे नवं सामान आलं, कपाटं भरली, काचेच्या नळ्या थर्मोकोलच्या खाचांत झोपून राहिल्या आणि पद्धत मात्र जागेवरच राहिली. प्रयोगाचे तास सर स्वतःच घेत. आठवीच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी ते टेबलांमधून फिरत. कुणाला चाचणीत किती गुण पडले ते त्यांना तोंडपाठ असे. एकाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत, "तू हात." उरलेल्यांना म्हणत, "तुम्ही वह्या." अगदी मायेने म्हणत. दहावीपर्यंत मुलं स्वतःविषयी हे असं सांगायची, जसा आपण आपला रक्तगट सांगतो. मी हात आहे. ती वही आहे.

आणि वह्या देखण्या असत. एक खाडाखोड नाही, एक डाग नाही. तपासणीला येणारे साहेब त्या वह्या उघडून बघत आणि दुसऱ्या शाळांना दाखवायला मागून नेत.

दहावीत एक मुलगी होती, तिला सगळे शिडी म्हणत. आई शिवणकाम करायची, मुलगी ताडमाड उंच, गणवेश कितीही लांब शिवला तरी सहा महिन्यांत आखूड. तासाला ती तोंड उघडत नसे. एकदाच उघडलं. बाई फळ्यावर आम्ल आणि अल्कली शिकवत होत्या. आम्लात अल्कली थेंबाथेंबाने सोडत गेलं की एका थेंबाला रंगहीन द्रावण फिकं गुलाबी होतं, तिथे थांबायचं, असं त्यांनी सांगितलं. शिडीने हात वर केला आणि खाली घेतला. बाई म्हणाल्या, वर केलेला हात खाली घ्यायचा नसतो. मग ती पुटपुटली, "बाई, तो रंग शेवटच्या थेंबालाच येतो, की आधीपासून येत असतो आणि आपल्याला दिसत नसतो?"

घरी जाताना बसमध्ये बाईंच्या डोक्यात तोच प्रश्न होता. त्यांचा थांबा मागे पडला.

म्हणून अकरावीच्या विज्ञान शाखेसाठी नावं मागवली आणि त्यात शिडी नाही असं दिसलं, तेव्हा बाईंनी तिला व्हरांड्यातच गाठलं. शाळेचा नियम असा होता की विज्ञानाला जायचं तर एक लेखी परीक्षा आणि एक प्रयोग, आणि हा प्रयोग ज्याचा त्याने एकट्याने करायचा. लेखीत तुला काय धाड भरली आहे, असं बाईंनी विचारलं. शिडी म्हणाली, लेखीचं काही नाही.

"मग?"

"बाई, मी वही आहे."

तिने ते इतकं सरळ सांगितलं की बाईंचा आवाज चढला. वही म्हणजे काय, तुला पानं आहेत का, तुला कुणी दोऱ्याने शिवलंय का, असं त्या इतक्या मोठ्याने बोलल्या की शेजारच्या वर्गातला तास थांबला. शिडी मान खाली घालून उभी राहिली. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता, आणि त्यामुळे बाई आणखीच भडकल्या.

त्याच संध्याकाळी त्या तिच्या आईकडे गेल्या. एका खोलीचं दुकान, मागच्या खोलीत घर. आईच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून ठेवून तिने बाईंना स्टूल दिलं आणि अगदी समजुतीने सांगितलं की पोरगी परीक्षेच्या आधी जेवत नाही, पोटात गोळा येतो म्हणते, प्रयोगाच्या दिवशी तर सकाळीच ओकते. आमच्या घरात कुणाचंच डोकं त्या बाजूला चाललेलं नाही, तिचं तरी कुठून चालणार. मोठे सरही म्हणाले होते, मुलगी गुणी आहे, तिच्यावर ओझं टाकू नका.

"किती चांगले आहेत सर," आई म्हणाली.

बाईंनी दात आवळले. सगळं जग या पोरीशी चांगलं वागत होतं, आणि त्या चांगुलपणाने तिला हळूहळू खाली बसवलं होतं. त्यांनी एक सौदा केला. शाळा सुटल्यावर काही दिवस शिडीने प्रयोगशाळेत यायचं. त्यानंतरही ती नको म्हणाली तर बाई पुन्हा तोंड उघडणार नाहीत.

"तुम्ही? तोंड बंद ठेवाल?" आईने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच शंका होती.

पहिल्या दिवशी शिडी टेबलासमोर हात पाठीमागे बांधून उभी राहिली, संग्रहालयात आल्यासारखी. स्टँडला ब्युरेट लावलेली होती, म्हणजे आकड्यांच्या खुणा केलेली उभी काचेची नळी, खाली तोटी. तीत अल्कली. खाली शंकूच्या आकाराच्या काचपात्रात आम्ल आणि दर्शकाचे, म्हणजे रंग बदलून दाखवणाऱ्या द्रवाचे, दोन थेंब. तोटी सावकाश फिरवायची, पात्र हलवत राहायचं, गुलाबी झालं की थांबायचं. बाई म्हणाल्या, धर, चावत नाही. शिडीने धरली. बोटं एवढी थरथरत होती की काचेवर काच किणकिणायला लागली. बाई म्हणाल्या, हळू. मग म्हणाल्या, अगं हळू. मग आवाज सुटला, हळू म्हणजे काय कळतं का, आणि शिडीने दचकून तोटी पूर्ण फिरवली. धार लागली. पात्रातलं पाणी गडद गुलाबी झालं, शाईसारखं.

शिडीने ते बेसिनमध्ये ओतलं, पात्र विसळून पालथं ठेवलं, दप्तर उचललं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

बाईंनी घरी भांडी आदळली. निवृत्त झालेले वडील खिडकीशी बसून हे ऐकत होते. काय झालं ते त्यांनी काढून घेतलं आणि म्हणाले, "तू विज्ञान शिकवतेस की कुस्ती?" बाई त्यांच्यावरही उखडल्या. पण जेवताना घास तोंडातच फिरत राहिला. त्या पोरीच्या बोटांची ती किणकिण त्यांच्या कानात होती. आळशी माणसाची बोटं अशी वाजत नाहीत, हे त्यांना कबूल करावं लागत होतं, आणि कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या शिडीला प्रयोगशाळेत घेऊन आल्या. आवाज खाली ठेवायला त्यांना जेवढे कष्ट पडले तेवढे एम.एस्सी.ला पडले नव्हते. परवा का निघून गेलीस, एवढंच त्यांनी विचारलं.

"झालं होतं ना बाई. चुकलं."

"अगं पहिल्यांदा सगळ्यांचंच चुकतं."

"नाही बाई." शिडी शांतपणे म्हणाली, समजूत घातल्यासारखी. "त्यांचं नाही चुकत. मी तीन वर्षं लिहिलंय ना. एकदाही चुकलं नाही."

बाईंनी व्हरांड्यातून शिडीच्या टेबलावरच्या मुलाला हाक मारली. तो वर्गाचा कॅप्टन, त्या टेबलाचा हात. बाईंनी त्याला विचारलं, प्रयोग करताना तुझं पहिलं रीडिंग कसं येतं?

तो हसला. म्हणाला, "पहिलं कुठे येतं बाई. पहिलं वायाच जातं. भसकन सोडायचं, कुठे गुलाबी होतंय त्याचा अंदाज घ्यायचा, ओतून द्यायचं. मग दुसरं हळू."

"मग हिला लिहायला का सांगत नाहीस?"

"वहीत घाण दिसतं ना. सर म्हणतात, पक्कं तेवढंच सांगायचं."

शिडीने त्याच्याकडे पाहिलं. "दर वेळी?" तिने विचारलं.

"दर वेळी. एकदा तर तीन वेळा वाया गेलं, आठवत नाही का तुला?"

"मी तुझ्या शेजारीच उभी असायचे."

"तू कुठे बघायचीस? तू मान खाली घालून तक्त्याच्या रेघा मारत असायचीस."

ते खरं होतं. प्रयोग सुरू झाला की वह्यांनी आधी पट्टीने चौकट आखायची असे. चौकट पूर्ण होईतो हातांचं चुकून, ओतून, विसळून झालेलं असे. मग हात आकडा सांगत, आणि वह्या तो सुंदर अक्षरात लिहीत. तीन वर्षं या मुलीने शेजारच्या माणसाची फक्त यशं टिपली होती, आणि त्यावरून स्वतःची किंमत काढली होती. तिच्याकडच्या माहितीवरून काढलेला तो निष्कर्ष चुकीचाही नव्हता. माहितीच धुवून पुसून तिच्या हातात दिलेली होती.

शिडीच्या गालांवर लाली चढत होती. बाईंनी तिला याआधी कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं.

बाई मात्र तिथून तडक मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या. सरांनी उठून खुर्ची दिली. बाई बसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते सर ऐकत गेले, मधे एकदा पाण्याचा पेला पुढे केला. मग म्हणाले की वाया गेलेले आकडे मुलांनी लिहिले तर वहीचा उकिरडा होईल, आणि नीटनेटकेपणा हेही एक शिक्षणच आहे.

"आणि बाई, सगळ्यांना सगळं झेपत नाही," ते म्हणाले. "नाही झेपत ते वेळेवर सांगणं ही एक प्रकारची दयाच आहे."

"ती दया तुमच्याकडेच ठेवा, सर," बाई म्हणाल्या. "आठवीत एका चाचणीवरून तुम्ही हात ठरवलेत. मग हात आहेत म्हणून त्यांना जमायला लागलं. आणि आता जमतं म्हणून ते हात आहेत, असं तुम्हीच म्हणताय. पोरांना कुठल्या चक्रात अडकवलंय आपण, कळतंय का तुम्हाला?"

सर म्हणाले, तुमचा स्वभाव तापट आहे. बाई म्हणाल्या, आहे. सर म्हणाले, काचसामान फुटलं तर जबाबदारी तुमची. बाई म्हणाल्या, किल्ली द्या.

त्यांनी कपाटातल्या साऱ्या नळ्या थर्मोकोलमधून बाहेर काढल्या. काहींवर कारखान्याचं लेबल अजून तसंच होतं. शाळा सुटल्यावर वह्या यायला लागल्या, आधी बिचकत, मग घोळक्याने. बाईंनी एकच नियम केला. पहिलं चुकलेलं रीडिंग पानाच्या डोक्यावर, ठळक लिहायचं, आणि त्याशिवाय दुसरं सुरू करायचं नाही. कुणी तोटी जास्त फिरवली की बाईंच्या घशापर्यंत आवाज यायचा. तेव्हा त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. मुलांनी ते ताडलं. पुढे पुढे कुणाचं पात्र शाईसारखं झालं की टेबलावरून हळूच यायचं, "खिडकी." आणि एक दिवस त्यावर खुद्द बाईच हसल्या. त्या तासाला हसायची परवानगी आहे, हे तेव्हा ठरलं. तीन पात्रं फुटली, एक नळी टिचली. बाईंनी ते स्वतः सरांना सांगितलं, तेही अशा सुरात की सरांनी विषय वाढवला नाही.

शिडीचे हात थरथरायचे थांबले नाहीत. बाईंना वाटलं होतं, कारण कळलं की भीती पळेल. तसं काही झालं नाही. प्रयोगाच्या दिवशी ती अजूनही उपाशी येई. पण मनगट स्टँडच्या दांड्याला टेकवलं की थरथर तोटीपर्यंत पोचत नाही, हे तिचं तिने शोधून काढलं. पहिलं पात्र गडद झालं की ती आता पळत नसे. आकडा लिहायची, शिवी दिल्यासारखा पुटपुटायची, आणि दुसरं भरायची. नाव द्यायच्या शेवटच्या दिवशी तिने यादीत आपलं नाव घातलं, मग घरी जाऊन आईला सांगितलं.

परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेत मोठे सर होते. ज्यांना बाईंनी शिकवलं होतं त्यांच्या परीक्षेला बाईंनी आत थांबायचं नाही, असं ठरलं होतं, आणि ते योग्यच होतं. त्या व्हरांड्यात उभ्या होत्या. गॅसच्या वासामुळे दार उघडं ठेवलेलं होतं. शिडी खिडकीजवळच्या टेबलाशी होती. तिने नळी भरली, मनगट टेकवलं, तोटी फिरवली. पहिलं पात्र सर्रकन गडद झालं.

मोठे सर तिच्याकडे गेले. तिचे हात त्यांना दिसले असावेत. ते तिच्या आणि खिडकीच्या मधे उभे राहिले, खाली वाकले, आणि त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "असू दे बाळ. त्रास करून घेऊ नकोस. बस तू. जेवढं येतंय तेवढं नुसतं लिहून दे."

बाईंचा पाय उंबऱ्यावर पडला. तेवढ्यात शिडीचा आवाज आला. थरथरत होता, पण व्हरांड्यापर्यंत ऐकू आला.

"सर, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय. मला रंग दिसत नाही."

सर सरळ झाले. बाजूला झाले. शिडीने दुसरं पात्र ठेवलं. बाईंनी पाय मागे घेतला, कारण आत त्यांचं आता काही काम नव्हतं, आणि हे त्यांना अजिबात आवडलं नाही.

निकाल लागला. शिडीला विज्ञान मिळालं, जेमतेम. लेखीत ती पहिल्या पाचांत होती. प्रयोगात दुसरी आणि तिसरी रीडिंगं तंतोतंत जुळली होती. तरीही गुण कापले होते. का, ते सरांनी लाल शाईत लिहिलं होतं: तक्त्यात अनावश्यक आकडा, अस्वच्छ मांडणी. अनावश्यक आकडा म्हणजे तिने प्रामाणिकपणे वर लिहिलेलं पहिलं रीडिंग.

बाईंनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सरांच्या खोलीकडे नेणाऱ्या जिन्याकडे वळल्या.

"बाई, जाऊ द्या ना," शिडी मागून म्हणाली. "माझं झालंय."

"तुझं झालंय," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षीच्या पोरांचं कुठे झालंय?"

शिडीने बाईंच्या हातातला कागद ओढून घेतला.

"गुण माझे कापलेत," ती म्हणाली. "मीच बोलते. तुम्ही ओरडाल." आणि एकेका ढांगेत दोन पायऱ्या टाकत ती बाईंच्या पुढे निघाली.